तारेचं वांगं

“धुळोबा नाही, तर मग कोण? मी?”

विश्वंभर तावातावाने विचारत होता. बुवा मठाच्या परसात, वांग्याच्या वाफ्याशी उकिडवे बसले होते.

शिमगा तोंडावर आला होता आणि वांगी संपत आली होती. पानं पिवळी, फळं खुरटी. अशा वेळी एकच टपोरं वांगं बियाण्यासाठी झाडावर पिकू द्यायचं, आणि कोणी चुकून तोडू नये म्हणून त्याच्या देठाला तांब्याची तार गुंडाळायची, ही मठाची जुनी रीत.

ते तारेचं वांगं सकाळी झाडावर नव्हतं.

धुळोबा मठात नवा. शेळ्या चोरल्या म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. दुसरीकडे कुठे थारा नव्हता. विश्वंभर मठातला सगळ्यांत अभ्यासू शिष्य, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. धुळोबाचं गाठोडं त्याने आधीच दाराबाहेर नेऊन ठेवलं होतं. बुवांना विचारायचं ते केवळ विचारायचं म्हणून.

“काल संध्याकाळी वाफ्याभोवती राख पसरली मी. चोराचं पाऊल उमटावं म्हणून.”

“उमटलं?”

“नाही.”

“धुळोबाचं उमटलं असतं तर?”

“तर तो चोर.”

“आणि नाही उमटलं...”

“म्हणजे अट्टल चोर!”

बुवांनी मान डोलावली. असल्या हुशारीपुढे कोणाचं काय चालणार?

“मग रात्रीपासून इथे कोणीच आलं नाही म्हणतोस?”

“कोणीच नाही.”

बुवांनी राखेकडे बोट दाखवलं. “हा ससा. इथे थबकला, मागे फिरला. हा उंदीर, शेपूट घासत गेलाय. पहाटे तित्तिरांची जोडी येऊन गेली...”

विश्वंभरने तिकडे पाहिलंही नाही.

“राख पसरलीस तेव्हा वांगं झाडावर होतं?”

“असणारच.”

“पाहिलंस?”

“अंधार पडला होता. आणि माझं लक्ष धुळोबावर होतं. ओट्यावर बसून एकसारखा इकडेच बघत होता तो.”

“बरं... जेवून घेऊ. मग काढू त्याला.”

धुळोबा दाराजवळ जेवायला बसला. भाकरी आणि भाजलेलं वांगं. ज्याचं त्याने सोलायचं. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून विश्वंभरनेच काल वांगी खुडली होती. अंधारात, हाताला येतील तेवढी सगळी. आणि तशीच चुलीच्या निखाऱ्यांत पुरून ठेवली होती.

धुळोबावरची नजर न काढता विश्वंभरने आपलं वांगं सोललं, घास घेतला. दाताखाली कचकच झाली. तोंड कडू झालं.

“यात कोणीतरी काही कालवलंय,” तो धुळोबाकडे रोखून बघत म्हणाला.

“ताटात बघ,” बुवा म्हणाले.

देठाला काळी पडलेली तार होती.

...

विश्वंभरचे कान तापले.

“तू... पाहिलं होतंस मला तोडताना?”

“बघितलं की,” धुळोबा म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“माझं खरं धरलं असतं व्हय तुमी?”

विश्वंभर उठला. बाहेरचं गाठोडं त्याने आत आणलं आणि खुंटीला अडकवलं. धुळोबाने थोडं सरकून त्याला वाट दिली, एवढंच.

मग विश्वंभर पानावर परत आला. त्याने ताट हळूच बाजूला सारलं.

बुवांनी ते पुन्हा त्याच्यापुढे ओढलं.

“सावकाश जेव,” ते म्हणाले. “बिया पुष्कळ आहेत.”