सस्पेन्शनआजोबा आणि धुराची नळी

गाड्यांचे सुटे भाग आपसांत कडाकडा भांडायचे, त्या काळातली ही गोष्ट. शर्यतीच्या एका लाल गाडीला धूर सोडणारी नवी नळी बसवली. तिचा गरम झोत मागच्या पंखाखालून सुसाट गेला, की गाडी रस्त्याला घट्ट चिकटे.

“असले चाळे नियमात बसत नाहीत,” चाकांवर गाडी तोलून धरणारे सस्पेन्शनआजोबा गुरगुरले. “तपासनीस तुला कापूनच टाकेल!”

“कोणता नियम, आजोबा? दाखवा ना!”

“मी सांगतोय तेवढं पुरे!”

तपासनीस आला. नळी जीव मुठीत धरून बसली. पण तिचं माप घेऊन त्याने मान डोलावली. आजोबांनी दम रोखून गाडी उचलून धरली होती, म्हणून तिची उंचीही बरोबर भरली. त्याची पाठ वळताच आजोबांनी दम सोडला आणि गाडी मापाच्या दोन बोटं खाली बसली.

“बुटकी गाडी जोरात पळते, पोरी. पूर्वापार असंच चालत आलंय.”

“आणि कापायचं मात्र मला?” नळी अशी गरजली, की तपासनीस मागे फिरला. गाडी मापाखाली जाणार नाही, अशी पाचर त्याने आजोबांना ठोकली.

शर्यत सुटली. पहिल्याच वळणावर, आता उंच राहिलेली गाडी बाहेर फेकली जाऊ लागली. नळीने सगळा श्वास पंखाखाली ओतला आणि चाकांनी रस्ता पकडला.

“अजून फुंक, पोरी,” आजोबा ओरडत होते, “अजून!”