मोरीमावशीची घंटा

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कळपाच्या पुढं, गळ्यात घंटा बांधून, मोरी शेळी चालायची. मोठ्या तापातून ती उठली, तेव्हा तुरा नावाचा तरणा बोकड म्हणाला, "मावशी, घंटा आता चालायची परीक्षा देऊनच बांधा. वाट कड्यावरची आहे, जिवाशी खेळ नको."

सगळ्यांना वाटलं, मावशी शिंगं उगारणार. पण ती म्हणाली, "खरंय रे. फक्त आधी तू चालून दाखव."

तुरा घंटा बांधून असा सुटला, की पहिल्याच वळणाला ती ऐकू येईना. करडं भलतीकडेच निघाली. त्यांना वळवून आणलं मावशीनंच.

मग तिची पाळी आली. चाल मंदावली होती, पण ती दर वळणावर थांबे, मान हलवून घंटा वाजवी आणि शेवटचं करडू दिसलं की मगच पुढं निघे.

कड्यापाशी मात्र ती आपणहून म्हणाली, "तापानं उजवा डोळा अंधुक झालाय, आणि दरी उजवीकडंच आहे. तुरा, त्या बाजूनं तू चाल."

"मी? दरीच्या कडेनं?"

"जिवाशी खेळ नको, तूच म्हणालास ना?"

तुरा उजवीकडं आला. घंटा वाजली, तेव्हा मावशीच्या आधी त्यानंच मागं वळून करडं पाहिली.