सरूबाईच्या भिंतीवरची पेटी

"मग मला मुक्त म्हणायचं की नाही, बुवा?"

हा विश्वंभरचा प्रश्न. गुरुवारी सकाळी, मठाच्या ओसरीवर. मी शेजारीच गवार निवडत बसलो होतो, हातातली शेंग हातातच राहिली. लोक मठात मुक्ती मागायला येतात. हा पठ्ठ्या थेट दाखलाच मागत होता.

विश्वंभर साखर कारखान्यात विजेचा इंजिनिअर. गुरुवारी त्याला सुट्टी, आणि गुरुवारीच आमच्या गावची वीज देखभालीसाठी सकाळपासून बंद. सोमगीर बुवांना तो गुरू म्हणतो. ऐकतो मात्र स्वतःचंच.

"मुक्त कशापासून?" बुवांनी विचारलं.

"लोकांपासून. अण्णांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक कुणाला नव्हतं! अण्णा म्हणजे त्याचे वडील, गावातला सगळ्यात बोलका माणूस. पौषात अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. पुण्याच्या एक बाई दर गुरुवारी अकरा वाजता व्हिडिओवर त्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. बाईंना दुसरा वार रिकामा नाही. आमच्याकडे मोबाईलवर चित्र अडकतं, म्हणून विश्वंभरने घरी केबलवाल्याचं इंटरनेट घेतलं, राउटर बसवला. तरी पहिले तीन गुरुवार वीज नाही म्हणून बुडाले. असे खाडे पडले तर आलेले शब्दही जातील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"चौथ्या गुरुवारी मी राउटरला इन्व्हर्टर लावला," विश्वंभर म्हणाला. "त्या दिवसापासून एक खाडा नाही. ना वीजवाल्यांच्या विनवण्या, ना केबलवाल्याच्या. आता मी कुणाचाही मिंधा नाही, बुवा."

"तो राउटर वीज खातो किती?"

"दहा वॅट. देवापुढच्या बारक्या बल्बाएवढी."

"आणि इन्व्हर्टर केवढा?"

"सगळं घर चालेल एवढा."

"दहा वॅटसाठी?"

"कमी पडायला नको, बुवा."

बुवा काठी घेऊन उठले.

"तुझ्या राउटरची वायर कुठून येते?"

"खांबावरून."

"आणि खांबावर?"

"…केबलवाल्याकडून."

"चल, बघू."

झालं! बुवा पुढे, विश्वंभर मागे. मी गवार टोपलीत टाकली आणि त्यांच्या मागे निघालो. असली मजा कोण सोडतो?

विश्वंभरच्या घरासमोरच्या खांबापासून बुवांनी मान वर करून नजरेने वायर धरली. एक खांब, दोन खांब, मग चिंचेच्या फांदीतून पलीकडे. इंजिनिअर खरा, पण आपल्या घराबाहेर वायर कुठे जाते हे त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. चौथ्या खांबावरून वायर खाली उतरली आणि सरूबाईच्या पत्र्याखाली शिरली.

सरूबाई एकटी राहते. साठीची, दीड एकर कापूस, तोंडाने फटकळ. ती उंबऱ्यात बसली होती. आत भिंतीवर केबलवाल्याची पेटी टांगलेली. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांची इंटरनेटची लाइन त्या पेटीतून जाते, आणि पेटीला वीज सरूबाईच्या घरातली.

गावभर वीज बंद होती. पेटीचा हिरवा दिवा चालू होता.

पेटीखाली स्टुलावर फवारणीच्या पंपाची बॅटरी ठेवलेली, तिच्यापासून दोन वायरी वर गेलेल्या. बाजूला पंप रिकामा पडला होता.

विश्वंभरला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"काकू… ही बॅटरी कधीपासून लावता?"

"केबलवाला हळहळत होता, अण्णांची शिकवणी सारखी बुडती म्हणून. माझ्या घरची वीज गेली की पेटी बंद पडती म्हणाला. मी म्हटलं, पंपाची बॅटरी चालंल का? चालती म्हणाला. मग काय! चौथ्या गुरुवारपासून लावते."

चौथा गुरुवार…

"पण मग माझा इन्व्हर्टर?" तो पुटपुटला.

"तुझ्या घरात तोही लागतोच की," बुवा म्हणाले.

विश्वंभरने दारातूनच मागच्या शेताकडे पाहिलं. चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं होतं.

"काकू, कापसावर मावा पडलाय ना? आज फवारायचं होतं."

"पडलाय की. उद्या मारीन. आज गुरुवार आहे, बॅटरी पेटीला लागती."

तो तसाच आत शिरला, खाली वाकला आणि बॅटरीच्या चिमट्याला हात घातला. "नाही काकू, असं नको. तुम्ही आधी फवारणी करा. अण्णांचं मी बघतो काहीतरी…"

फाट्कन त्याच्या हातावर चापट बसली.

"हात लावू नको! अकराला पंधरा मिनटं राहिलीत. तिकडं अण्णा अंगात सदरा घालून बसले असतील, अन् हा निघाला दिवा घालवायला! शहाणाच आहेस!"

विश्वंभर जमिनीवर बसला. हे उपकार परत करायचे म्हटलं तरी करता येईनात. घेतल्याशिवाय सुटकाच नव्हती त्याची.

सरूबाईचा आवाज जरा खाली आला. "ते जाऊ दे. गेल्या गुरुवारी कोणता शब्द बोलले अण्णा?"

विश्वंभर नखाने जमिनीची माती उकरू लागला.

"अरे, कोणता शब्द आला?"

"मला… माहीत नाही, काकू. शिकवणीला बायको बसते त्यांच्याजवळ. मी मठात असतो."

"अगं बाई." सरूबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "मी तर इथं पेटीखाली बसून तोच विचार करते. आज काय बोलले असतील? पाणी म्हणाले का? सुनेला हाक मारली का? आमचा माणूस गेला ना, तेव्हा वर्षभर माझ्याशी धड कुणी बोलत नव्हतं. तुझे अण्णा रोज बांधावर थांबायचे. 'सरे, आज कुणाशी भांडलीस?' म्हणायचे. तेवढ्यावर दिवस निघायचा माझा. त्या माणसाचं तोंड बंद झालेलं मला बघवत नाही."

विश्वंभरला रडू फुटलं. चांगला दणकट गडी, हमसून हमसून रडला. मग त्याने सरूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काकू, तुमच्यामुळे अण्णा बोलतायत. मला कळलंच नाही हो…"

"ऊठ, ऊठ. पाय चिखलाचे आहेत माझे."

तीस वर्षं मी मठात हात जोडतोय. त्या दिवशी त्या पत्र्याच्या खोलीत जेवढ्या मनापासून जोडले, तेवढे कधी जोडले असतील असं वाटत नाही. माझेही डोळे भरले होते, उगाच खोटं कशाला बोलू?

विश्वंभर उठला आणि लगेच त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. "बुवा, यांच्यासाठी काय करू? सांगा. आजच्या आज नवी बॅटरी आणतो. नाही, इन्व्हर्टरच बसवून देतो. सगळं घर चालेल एवढा!"

सरूबाईने पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरेना. मलाही.

बुवांनी विश्वंभरचा दंड धरला, त्याला दारात आणलं आणि त्याच्या घराच्या दिशेने तोंड करून उभं केलं.

"बॅटरी उद्या आण. अकरा वाजत आलेत. जा, अण्णांजवळ बस… आणि सरूसाठी एक शब्द घेऊन ये."