किल्लीला अडकवलेलं बटण

गाड्यांमधली बटणं जाऊन गुळगुळीत टचस्क्रीन येऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट. जुनी गाडी भंगारात देताना भिकाजी ड्रायव्हरने काचेवर हवा सोडणारं तिचं गोल बटण काढून घेतलं आणि नव्या गाडीच्या किल्लीला अडकवलं.

“तुझ्याकडे आता कोण बघणार?” नव्या गाडीची स्क्रीन बटणाला म्हणाली.

घाटात धुकं दाटलं, काच आतून धुरकटली. भिकाजीचा हात सवयीने बटणाच्या जागी गेला आणि स्क्रीनवर चाचपडत राहिला. शेवटी त्याने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. तेवढ्यात गाडी दरीकडे सरकली. त्याने कसाबसा ब्रेक दाबला.

स्क्रीन हादरली. “मी एवढी झळकत होते, तरी त्याला सापडले नाही.”

“तुझी चूक नाही गं,” बटण म्हणालं. “वीस वर्षांत त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.”

“वाईट नाही वाटलं?”

“नाही. तो रस्ता बघत होता.”