काठावर आलेली हातांची बोली

खूप मागे, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतकं मागे, एक मोठं तळं होतं. दुपारपर्यंत त्याच्यावर धुकं पांघरलेलं असायचं. काठावर कोळ्यांचं गाव होतं.

त्या गावाची एक रीत होती. होडीत कुणी तोंड उघडायचं नाही, कारण आवाजाने मासा पळतो. म्हणून पाण्यावर सगळे हातांनी बोलत. थट्टासुद्धा हातांनीच. पण होडी काठाला लागली की हात खाली. ही बोली तळ्याने दिलेली, ती जमिनीवर आणली तर तळं रागावतं, असं म्हातारे सांगत. लहान मुलांना तर होडीत घेतच नसत.

गावात एका कोळणीची मुलगी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पोरं खेळायची, ती कडेला बसून त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघायची. पुढे तिने बघणंही सोडलं. हसणं सोडलं. घास तोंडात तसाच राहू लागला.

आई दिवसभर तिच्यामागे. का रडते, काय दुखतं, सगळं एकटीने ओळखायचं. एकदा तिने वैतागून पोरीला गदागदा हलवलं, आणि मग तिलाच पोटाशी धरून रडत बसली.

एका सकाळी मुलीचा बाप तापाने फणफणला. जाळं ओढायला घरटी एक माणूस लागायचंच. आई शेजारणीला म्हणाली, "वहिनी, आजच्या दिवस हिला बघता का?"

"नको गं बाई. तुझी पोर तुलाच कळते. रडली तर मी काय करू?"

मग आईने तिला होडीत घेतलं. होडीचा म्हातारा तांडेल पुटपुटला, "येऊ दे. ही तरी गलका करायची नाही."

होडी धुक्यात शिरली. सगळे गप्प झाले आणि पांढऱ्या धुक्यात हात पाखरांसारखे हलू लागले. मुलगी बघतच राहिली. तांडेलाने गालावर दोन बोटं टेकवली, म्हणजे भूक लागली का, आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. तिने तो खाल्ला. मग स्वतःच्या गालावर दोन बोटं टेकवून आणखी मागितला. आई वल्हवायचं विसरली.

होडी काठाला लागली. हात खाली गेले, तोंडं सुरू झाली. मुलगी उतरेना. तिने होडीची कड घट्ट धरली.

आई चिखलात उभी राहिली. मग सगळ्यांदेखत तिने स्वतःच्या गालावर दोन बोटं टेकवली.

"अगं, काय करतेस! तळं रागावेल!" बरोबरचे कोळी ओरडले.

"रागावलं तर मला ने म्हणावं. माझी पोर रोज काठावर बुडतेय, ते नाही दिसत तुम्हाला?"

 तांडेलाने पाण्याकडे बघितलं. पाणी आपलं संथ होतं. मग त्याने पोरीकडे वळून हातांनी सांगितलं, चल, आमच्याकडे भात शिजलाय.

मुलगी होडीतून उतरली.

तळं काही रागावलं नाही. हळूहळू सारं गाव काठावरही हातांनी बोलू लागलं. शेजारीण तर पोरीशी हातांनी कडाकडा भांडायची, आणि पोर हसत हसत उलट उत्तरं द्यायची. आई मात्र तेव्हा घरात भर दुपारी गाढ झोपलेली असायची.

मुलाला जी बोली कळते ती साऱ्या गावाने शिकावी, त्याला समजून घेण्याचा भार एकट्या आईवर टाकू नये.