बर्फी मांडवात, बत्तासा गाडीत

एका गावात एक हलवाई राहत होता. हात गोड, जीभ गोड, फक्त घड्याळाशी त्याचं कधी जमलं नाही. ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून गेलेला हलवाई दिवेलागणीला परतायचा. त्याचा एक कुत्रा होता, पांढराशुभ्र आणि गोल गरगरीत, म्हणून नाव बत्तासा. हलवायाने नवी गाडी घेतली तेव्हा पुढच्या सीटवर पहिला चढला तो बत्तासाच.

वैशाखात शेजारच्या गावी हलवायाच्या मित्राच्या मुलीचं लग्न निघालं. बत्तासा पिल्लू असताना त्याला हलवायाच्या ओटीत आणून घातलं होतं ते याच मुलीने. मग त्याला घरी ठेवून कसं चालेल? दोघेही निघाले थाटात.

मांडवाशी पोचल्यावर मात्र हलवाई अडखळला. आत एवढी दाटी, त्यात कुत्रं कसं न्यायचं? त्याने गाडी लिंबाच्या सावलीत लावली, काच बोटभर उघडी ठेवली आणि मागच्या सीटवरचा बर्फीचा डबा आठवणीने काखोटीला मारला.

“बस हं राजा. अक्षता टाकतो आणि पाच मिनिटांत येतो.”

लग्नाला जाऊन पाच मिनिटांत कुणी परत आलंय का? मंगलाष्टकं लांबली, कारण नवरीच्या मामांना गाण्याची भारी हौस. अक्षता पडल्या, तर मित्राने हाताला धरून पंगतीत बसवलं. “जेवल्याशिवाय जाऊ देईन होय!”

“अरे, पण बत्तासा...” हलवाई म्हणाला, तोवर पानात जिलेबी पडली. दुसऱ्याची जिलेबी पारखल्याशिवाय हलवाई उठतोय कसला! मग मठ्ठा आला, मग आग्रह आला. बाहेर ऊन सरकत होतं. लिंबाची सावली कधीच कुंपणापलीकडे गेली होती.

इतक्यात नवरी वाढायला आली. हलवायाच्या पानात त्याचीच बर्फी ठेवून तिने इकडे तिकडे पाहिलं.

“काका, माझा बत्तासा कुठंय?”

“गाडीत आहे गं. काच थोडी उघडी ठेवलीय.”

“मग बर्फी का नाही ठेवलीत गाडीत?”

हलवाई हसला. “खुळी का काय तू! या उन्हात, बंद गाडीत? पार पाघळून...”

घास हातातच राहिला. पुढच्या क्षणी हलवाई पान ओलांडून धावत सुटला आणि शालू सावरत नवरी त्याच्या मागे.

गाडीचं दार उघडलं तशी भट्टीसारखी झळ तोंडावर आली. बत्तासा सीटवर आडवा पडला होता. जीभ बाहेर, धाप लागलेली, आणि धन्याला पाहूनही शेपूट हलेना. हलवायाने त्याला उचलून मांडवाच्या सावलीत आणलं. पंगतीतून गुरांचे डॉक्टर उष्ट्या हातानेच धावले.

“बर्फ नको, साधं पाणी आणा! पोट भिजवा, पंजे भिजवा, वारा घाला!”

नवरदेव उपरण्याने वारा घालू लागला. वाजंत्री थांबली. हलवाई रडत म्हणाला, “बत्ताशा, एकदा शेपूट हलव रे! चुकलो मी.”

हळूहळू धाप कमी झाली. बत्ताशाने डोळे उघडले, वाटीतलं पाणी चाटलं आणि शेपूट हलवली. मग मान वर करून हलवायाच्या मिशीला लागलेला मठ्ठा चाटून साफ केला. मांडवात असा हशा उसळला की मामांची मंगलाष्टकंही त्यापुढे फिकी! वाजंत्रीवाल्यांनी पुन्हा सूर धरला. डॉक्टरांनी दवाखान्यात नेऊन नीट तपासलं, आणि संध्याकाळी वरातीत बत्तासा नवरीच्या मांडीवर मिरवला.

तेव्हापासून दुकानापुढे गाडी थांबली की हलवाई आधी काचेतून आत डोकावतो. आत कुणी जीव दिसला तर म्हणतो, “आधी त्याला बाहेर घ्या, मग पेढे मागा.”

तात्पर्य काय, तर जिथे आपली बर्फी टिकणार नाही, तिथे आपला जिवलग पाच मिनिटंसुद्धा ठेवू नये.