आचाऱ्याच्या घरातल्या दोन चुली

एका राजाच्या मुदपाकखान्यात, म्हणजे त्याचं जेवण रांधलं जायचं तिथे, एक म्हातारा मुख्य आचारी होता आणि त्याच्या हाताखाली एक तरुण आचारी. तरुणाची बायको तिथेच धान्य निवडायची. नवरा-बायकोचं इतकं जमायचं की दोघं एकाच ताटात जेवत आणि शेवटचा घास तू खा, तू खा म्हणून भांडत.

सगळं छान चाललं होतं. पण म्हाताऱ्याच्या कमरेला मुख्य आचाऱ्याचा मान म्हणून चांदीची पळी खोचलेली असायची, आणि ती तरुणाच्या डोळ्यांत खुपायची. हा म्हातारा काही हटत नाही, असं तो रोज घरी कुरकुरायचा. एके दिवशी बायको म्हणाली, "मग हटवू या की."

रीत अशी होती, की मुख्य आचाऱ्याने प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखायचा आणि मगच झाकण ठेवून राजाकडे पाठवायचा. सणाच्या दिवशी म्हाताऱ्याने खीर चाखली, झाकण ठेवलं. तरुणाने त्याला बोलण्यात गुंतवलं आणि बायकोने झाकण उचलून खिरीत जुलाब लावणाऱ्या जमालगोट्याची पूड ढवळली. पुढे राजाची जी धावपळ झाली, ती मुलांनी विचारू नये. म्हातारा तुरुंगात गेला आणि पळी तरुणाच्या कमरेला आली.

त्या संध्याकाळी बायकोने गोडाधोडाचं केलं. नवऱ्याने घास उचलला, थांबला आणि म्हणाला, "आधी तू खा."

तिने हसत हसत खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. ह्यांच्या मनात असं येतं, म्हणजे हेही असं करू शकतील, असं तिला वाटलं आणि ती आपला पाण्याचा तांब्या लपवून ठेवू लागली. ताटं वेगळी झाली. मग एका घरात दोन चुली पेटल्या. राज्यातला सगळ्यात मोठा आचारी स्वतःच्या घरी कच्चापक्का भात शिजवून एकटा जेवू लागला. "पूड तूच टाकलीस" आणि "कुरकुरत तुम्हीच होतात", एवढंच काय ते बोलणं उरलं. तुरुंगातला म्हातारा दोघांच्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हता, पण तसं कोणी कबूल करेना.

अखेर नवरा तापाने फणफणला. बायकोने पेज आणली, तर त्याने तोंड फिरवलं. वाटी खाली ठेवून ती रडू लागली.

"मी राजाकडे जाऊन सगळं सांगते," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे. पण तुम्ही माझ्या हातचं खायला घाबरता, हे मला सोसत नाही."

नवरा कसाबसा उठून बसला. मग वाटी उचलून सगळी पेज पिऊन टाकली. "एकटी जाऊ नकोस," तो म्हणाला. "पळी मलाच हवी होती."

ताप उतरल्यावर दोघं दरबारात गेले आणि तिथेच वाद घालू लागले. तो म्हणे गुन्हा माझा, ती म्हणे माझा. राजा खूप संतापला. शिक्षा काय द्यावी, हे त्याने म्हाताऱ्यालाच बोलावून विचारलं.

म्हाताऱ्याला राग होताच, पण तो शेवटी आचारी होता. "महाराज, तुरुंगातलं जेवण तोंडात धरवत नाही," तो म्हणाला. "ह्यांना कैद्यांसाठी रांधायला लावा."

दोघांच्या जिवात जीव आला. पळी सुटून आलेल्या म्हाताऱ्याकडे परत गेली, मान गेला, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली. इतकी गाढ, की पहिल्याच सकाळी कैद्यांची न्याहारी उशिरा झाली.

तात्पर्य काय, तर दोघांनी मिळून दुसऱ्याचं वाईट केलं, की आधी उडतो तो एकमेकांवरचाच विश्वास. आणि तो परत हवा असेल, तर चूकही दोघांनी मिळूनच कबूल करावी लागते.